हजेरीतले अंगठे

मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दाजींचा काजूचा कारखाना आहे. तिथल्या चोवीस बायका चार वर्षांत एकदाही आजारी पडल्या नव्हत्या. ताप नाही, कंबरदुखी नाही, कुणाचं बाळंतपणसुद्धा नाही. असं हजेरीचं पुस्तक सांगत होतं आणि दाजी ते चारचौघांत मिरवत होते. तालुक्याच्या कुठल्याशा समारंभात शाल-नारळ घेताना त्यांनी माइकवर सांगितलं होतं, "आमच्या बायका आजारी पडतच नाहीत. कामावर प्रेम असलं की ताप येत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवंतीनेही वाजवल्या, कारण मालक समोर होता.

खरी गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. माणूस म्हटलं की आजारी पडणारच. फक्त या कारखान्यात आजारी बाई कागदावर येत नसे. दर महिन्याला मजुरीतून विम्याचे पैसे कापले जात, विम्याचं कार्ड प्रत्येकीच्या ट्रंकेत होतं, आणि आजारपणात सत्तर टक्के मजुरी विमा देतो हेही सगळ्या जाणून होत्या. पण ती मिळायला आधी गैरहजेरी लागावी लागते. मग डॉक्टरचा दाखला, मालकाची सही, बँकेचे हेलपाटे. आणि तोवर दाजींचा नियम असा, की तिसऱ्या दिवशी बाक रिकामा दिसला तर त्यावर दुसरी बसवायची. दुसऱ्या फाटकाबाहेर नेहमीच उभ्या असत.

म्हणून बायकांनी आपला मार्ग काढला होता. त्याला त्या जागा राखणं म्हणत. जी आजारी पडेल तिची जाऊ, नणंद, लेक, कुणीतरी येऊन तिच्या बाकावर बसे, तिच्या नावावर बी फोडी आणि संध्याकाळी तिच्याच नावापुढे अंगठा उठवून घरी जाई. मजुरी आजारी बाईच्या घरात पुरी पोचे. सत्तर टक्के कधीतरी मिळणार आणि शंभर टक्के शनिवारी, यातलं काय घ्यावं हे सांगायला कुणी शिकलेला लागत नाही. बाकांवरची सगळ्यांत जुनी हौसाबाई तर म्हणायची, "विमो मेल्यार. जित्यापणी आपलो जागो राखूचो."

दाजींना हे सगळं माहीत होतं. माहीत काय, ते त्यांच्या पथ्यावर पडत होतं. बाक भरलेला, हजेरी भरलेली, आजारपणाचा एकही अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणून चौकशीला कुणी येत नाही. अशा सोन्याच्या कोंबडीला कोण हाकलील?

जुलैत लावणीच्या चिखलातून शेवंतीला लेप्टो हा उंदरांपासून होणारा ताप आला. डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. नवरा मालवाहू बोटीवर खलाशी, तो कुठल्या बंदरात होता कुणास ठाऊक. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून तिला ओरोसच्या सरकारी रुग्णालयात नेलं. शुद्ध जाता जाता तिने लेकीचा हात धरला आणि काय सांगितलं? देवाचं नाव घेतलं नाही, नवऱ्याची आठवण काढली नाही. म्हणाली, "अक्षया, माझो जागो राख."

अक्षया एकोणीस वर्षांची. कुडाळला नर्सिंगला तिचा प्रवेश ठरला होता, सप्टेंबरात जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईच्या बाकावर जाऊन बसली. पोरगी हाताने चपळ. चौथ्या दिवशी दाजी फेरी मारताना तिच्यापाशी थांबले आणि मुकादम सुदेशला म्हणाले, "ह्यां चेडू तरतरीत आसा. ह्येका मोटरीवर बसव." बी फोडायचे जुने कटर पायाने चालत, म्हणजे माणसाच्या चालीने. मोटरीचा कटर नवा होता, आणि त्याच्या पात्यापुढची जाळी काम अडतं म्हणून काढून ठेवलेली होती. दहा दिवसांनी त्या पात्याने अक्षयाच्या उजव्या हाताची अंगठ्यालगतची दोन बोटं मुळापासून नेली.

सुदेशने तिला दाजींच्या गाडीतून मालवणात एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. वाटेत त्याने तिला तीनदा पढवलं, "घराकडे कोयत्यान कापलां, असां सांग." मलमपट्टीचे पैसे दाजींनी दिले, वर पाच हजारांचं पाकीट घरी पाठवलं. नर्सिंगचा प्रवेश गेला. इंजेक्शन धरायला दोन बोटं लागतात आणि ती नेमकी हीच.

एकोणीस दिवसांनी शेवंती घरी आली. लेकीचा हात बघितला. आठ दिवस ती भिंतीला टेकून बसली, नवव्या दिवशी उठून थेट कारखान्यात गेली. विम्यातून अपघाताची भरपाई मिळते, जन्मभर पेन्शन मिळते, एवढं तिला रुग्णालयातल्या एका बाईने सांगितलं होतं. मालकाने अपघात लिहून दिला की झालं. दाजींनी तिचं सगळं शांतपणे ऐकलं.

"कोण अक्षया?" ते म्हणाले.

शेवंतीला वाटलं, आपल्या कानात अजून ताप आहे.

"सुदेश, आपल्या हजेरीत अक्षया म्हणान कोण आसा रे?"

"नाय," सुदेश जमिनीकडे बघत म्हणाला.

"आणि त्या दिसा शेवंती कामार होती?"

"होती."

"मगे शेवंते, दाखव बघू तुझी बोटां."

अंगात त्राण नव्हतं आणि चार वर्षांची सवय होती. मालकाने सांगितलं तसे तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. दाजींनी पेनाच्या टोकाने एकेक बोट मोजलं. "धाच्या धाय आसत," ते म्हणाले. "मगे अपघात खंय झालो?"

सुदेश हसला. हसायची त्याची इच्छा नव्हती बहुतेक, पण मालकाच्या विनोदाला हसायचं असतं. शेवंतीने हात उचलून पदराखाली घेतले. त्या क्षणापासून तिला पैसे नको होते, पेन्शनही नको होती. तिला एवढंच हवं होतं की या माणसाने आपल्या तोंडाने, आपल्या हाताने, चोवीस बायकांच्या देखत तिच्या लेकीचं नाव घ्यावं. आणि घेताना त्याची जीभ भाजावी. नागिणीने धरावा तसा तिने डूख धरला.

मग तिने काय केलं, तर सोमवारी कामाला आली. बोभाटा नको म्हणून दाजींनी तिचा बाक अजून दुसरीला दिला नव्हता. बायका चाट पडल्या. काहींना ती लाचार वाटली, काहींना शहाणी. दाजी तर खूश झाले. "बरां केलंस," म्हणाले, "रागान प्वाट भरणा नाय." शेवंतीने मान डोलावली आणि बी फोडायला घेतली. ती बी फोडत होती आणि मनात दाजींना फोडत होती, टरफल वेगळं, गर वेगळा.

हजेरीचं पुस्तक शेडच्या दारापाशी एका टेबलावर असे. संध्याकाळी बायका ओळीने येत, शाईच्या पॅडवर डावा अंगठा टेकवत आणि आपल्या नावापुढे उठवत. लिहितावाचता सगळ्यांना येई, पण हाताला तेल असे, पेन धरायला हात धुवावे लागत आणि तेवढा वेळ द्यायला दाजींचा जीव वर जाई. मध्ये त्यांनी अंगठ्याचं मशीनही आणलं होतं. त्याने चोवीसपैकी सतरा जणींना ओळखलंच नाही. काजूच्या टरफलातलं तेल इतकं जळजळीत, की कातडी सोलून काढतं. वर्षानुवर्षं बी फोडणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरत नाही. रेशनच्या दुकानातही त्यांची हीच रड. मशीन परत गेलं, शाई आली.

गणपती होऊन गेल्यावर एका संध्याकाळी सुदेश फोनवर बोलत बाहेर गेला. शेवंती रांगेत शेवटची होती. तिने अंगठा उठवला आणि पानं मागे उलटली. जुलै. तिचं नाव. सुरुवातीच्या तारखांपुढे तिचे स्वतःचे अंगठे होते, चिरडलेल्या करवंदासारखे नुसते काळे डाग. मग आठ तारखेपासून डाग गेले आणि रेघा आल्या. बारीक, गोल फिरलेल्या, एकेक मोजता येईल अशा कोवळ्या रेघा. बारा दिवस. तिच्या नावापुढे तिची लेक बसली होती, आणि हे लपवणं दाजींना सुचलंच नव्हतं, कारण बायकांच्या अंगठ्यांकडे बघतो कोण?

त्या बारा ठशांनंतरचे पाच आणखी वेगळे होते. मोठे, रुंद, मधोमध आडवा वण असलेले. अपघात लपवायला त्या दिवसापासून पुढे कुणीतरी घाईघाईने अंगठा उठवत राहिलं होतं. नारळ सोलताना अंगठ्याला वण पाडून घेतलेला माणूस कारखान्यात एकच होता, आणि तो बाहेर फोनवर हसत होता.

शेवंतीने पुस्तक होतं तसं केलं. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

आता प्रश्न एवढाच होता की हे पुस्तक जपायचं कसं. अक्षयाचं नाव काढून ओरड केली तर दाजी ते दुसऱ्या दिवशी बॉयलरमध्ये घालतील. तेव्हा असं काही करायला हवं, की दाजींनीच ते पुस्तक छातीशी धरून बसावं. शेवंती चार दिवस विचार करत होती. मग तिने विमा कार्यालयाला अर्ज पाठवला. अक्षयाच्या बोटांचा त्यात शब्द नव्हता. जुलैत मी एकोणीस दिवस रुग्णालयात होते, सोबत कागद जोडला आहे, तेव्हा माझी आजारपणाची सत्तर टक्के मजुरी मिळावी, एवढंच. अर्ज अक्षयाने डाव्या हाताने लिहिला. एक पान लिहायला तिला अख्खी दुपार लागली.

कार्यालयाने दाजींकडे विचारणा केली आणि दाजी पोट धरून हसले. त्यांनी लिहून कळवलं की ही बाई खोटारडी आहे. त्या सगळ्या दिवशी ती कामावर हजर होती, मजुरी घेतलेली आहे, हजेरी पुस्तकात तिचा रोजचा अंगठा आहे. दुसरं काही लिहिणं त्यांना परवडणारं नव्हतं. ती गैरहजर होती म्हटलं तर तिच्या बाकावर कोण होतं, हा प्रश्न आला असता, आणि तो एका बाकावर थांबला नसता. त्यांनी खाली सही केली, शिक्का मारला आणि पुस्तक कपाटात कुलपात ठेवलं. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली ऐकली होती, पण चोरानेच आपल्याविरुद्धचा पुरावा कुलपात घालावा असं कधी झालं नसेल.

हौसाबाईला मात्र वास आला. जेवणाच्या सुट्टीत ती शेवंतीच्या शेजारी येऊन बसली.

"तुझ्या डोळ्यांत काय आसा, ता माका दिसता," ती म्हणाली. "मालकाक मारूक जातंस, पण मरतलंव आमी. जागो राखूचा बंद झाला तर आमी काय खावचा?"

"तुझी सून तुझो जागो राखूक येता मां?"

"येता."

"तिची बोटां किती आसत?"

हौसाबाईने हातातला घास खाली ठेवला. डबा बंद करून उठली. दोन दिवस ती शेवंतीशी बोललीच नाही, आणि शेवंतीनेही तिची मनधरणी केली नाही. त्या दिवसांत तिला कुणाचीच दया येत नव्हती.

ऑक्टोबरच्या अखेरीस विमा कार्यालयाच्या निरीक्षक आल्या. आकांक्षा मॅडम. पस्तिशीच्या, बारीक, बोलायला मऊ. दाजींनी शहाळं मागवलं, पुस्तक स्वतःच्या हाताने कपाटातून काढलं आणि शेडच्या दारापाशी टेबलावर उघडून ठेवलं. चोवीस बायका बाकांवर होत्या. दाजींनी मुद्दामच त्यांच्यासमोर हा तमाशा मांडला होता. अर्ज करणारीची काय गत होते, ते सगळ्यांनी बघावं म्हणून.

"हे बघा मॅडम," दाजी शुद्ध मराठीत आले. "दोन रविवार सोडून सतरा दिवस. सतरा अंगठे. सगळे हिचे."

"तुमची खात्री आहे?"

"माझ्या आणि मुकादमाच्या समोर उठवलेत. तसं मी लिहून दिलंय."

मॅडमनी शेवंतीला बोलावलं. ती उठली, हात पुसले, टेबलापाशी आली. "मॅडम, एक कोरो कागद दिया," ती म्हणाली. पॅडवर डावा अंगठा दाबून तिने कागदावर उठवला. काळा डाग पडला. पुन्हा उठवला. पुन्हा डाग. मग तिने तो कागद पुस्तकातल्या जुलैच्या ओळीखाली सरकवला.

मॅडम खाली वाकल्या. त्यांचं बोट डागांवरून रेघांवर आलं आणि थांबलं.

"या अंगठ्याला रेषा आहेत," त्या म्हणाल्या.

"माझ्याक नाय," शेवंती म्हणाली. "चार वर्सां झाली. ह्या कारखान्यात सतरा जणींक नाय. जेच्या ह्यो आसत, ती भायर उभी आसा."

अक्षया आत आली. पोरीने उजवा हात ओढणीखाली घेतला होता, डावा पुढे केला. तिचा अंगठा कागदावर उठला आणि कुणी तज्ज्ञ बोलवायची गरज उरली नाही. बाकावरच्या बायका एकेक करून उठून पुढे सरकल्या. दाजींच्या हातातलं शहाळं तसंच राहिलं.

"आणि हे शेवटचे पाच कुणाचे?" मॅडमनी विचारलं. "मधे वण आहे."

सगळ्यांनी सुदेशकडे बघितलं. सुदेशने अंगठा मुठीत लपवला, म्हणजे लहान मुलंदेखील इतकं उघड करत नाहीत. हौसाबाई पुढे झाली, तिने त्याचं मनगट धरलं आणि मूठ उघडली. "सांग मेल्या," ती म्हणाली. सुदेशने सगळं सांगितलं. जाळी कुणी काढायला लावली, मोटरीवर कुणी बसवलं, कोयत्याची गोष्ट कुणी रचली. एकदा तोंड उघडल्यावर तो थांबेचना. तीन महिने ते पोटात ठेवणं त्यालाही जड गेलं होतं.

"हिनेच फसवलंय मला," दाजी ओरडले. "मला काय माहीत बाकावर कोण बसतं?"

"आत्ताच म्हणालात, तुमच्यासमोर उठवले," मॅडम म्हणाल्या. आवाज तसाच मऊ. नाव नोंदवलेलं नसलं तरी मुलगी कामगारच ठरते, तिची पेन्शन विमा देईल आणि दाजींकडून वसूल करेल, चारही वर्षांची पुस्तकं तपासली जातील, हे त्यांनी सांगितलं. मग त्या शेवंतीकडे वळल्या. "तुमचा आजारपणाचा अर्ज मात्र फेटाळावा लागेल. त्या दिवसांची मजुरी तुम्ही घेतली आहे. त्याबद्दल तुम्हालाही जाब द्यावा लागेल."

"फेटाळा," शेवंती म्हणाली. "जाब देतंय."

मॅडमनी अपघाताच्या अहवालाचा कागद काढून दाजींपुढे ठेवला. तो मालकाने भरायचा असतो. दाजी खुर्चीत बसले. पेन हातात धरलं आणि पहिल्याच रकान्यावर अडले.

"नाव लिवा," शेवंती म्हणाली. ती त्यांच्या खांद्यापाशी उभी होती. "म्हायत नाय तुमका? अक्षया. अ पासून सुरू होता."

दाजींनी नाव लिहिलं. वय लिहिलं. कामाचं स्वरूप लिहिलं. कुठली बोटं, या रकान्यात त्यांनी नुसतं 'बोटांना इजा' लिहिलं तेव्हा शेवंतीने कागदावर हात ठेवला. "किती ता लिवा. तुमका मोजूक येता. माझी मोजलास मां?" दाजींनी 'दोन' लिहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि शेवंतीला तो बघून बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, तिला फार बरं वाटत होतं. तीन महिन्यांत भाताचा घास लागला नव्हता इतका तो घाम गोड लागत होता.

शेवटचा रकाना अपघाताच्या कारणाचा. दाजींनी पेन थांबवलं, मान वर केली. हरलेल्या माणसाकडे एक शेवटचा धोंडा असतो.

"चेडवाक हय धाडल्यान कोणी?" ते हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी घराकडे बोलवूक इलेलंय? तू धाडलंस. आवशीन. ता पण लिवू?"

अक्षया खाली बघत होती. मायलेकी एका घरात राहत होत्या, एका ताटात जेवत होत्या, आणि ही एक गोष्ट दोघींनी इतके दिवस तोंडातून काढली नव्हती. शेवंतीने रोज रात्री ती स्वतःला सांगितली होती. दाजींनी सांगून तिच्यात नवीन काय भर पडणार होती?

"लिवा," ती म्हणाली. "आवशीन धाडल्यान. मालकान मोटरीवर बसयल्यान. मालकान जाळी काढल्यान. माझां नाव पयलां घाला, तुमचां खाली. एकय सोडू नकात."

दाजींचं पेन उठेना. आईचं नाव लिहायला ते एका पायावर तयार होते, पण खालची दोन वाक्यं सोडून ते लिहिता येत नव्हतं. त्यांनी मॅडमकडे बघितलं.

"लिहा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं. शेवंतीचं नाव, मग स्वतःचं. सही केली.

"आता वाचा," शेवंती म्हणाली.

दाजी पुटपुटत वाचू लागले. अक्षयाचं नाव आलं आणि ते गिळल्यासारखं निघून गेलं.

"मोठ्यान वाचा, दाजीनू," शेवंती म्हणाली. "मागच्या बाकार ऐकाक येणा नाय."

दाजींनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.